डावा खिळा

४ फेब्रुवारी

तंत्रसाहाय्य विभाग यांस,

महोदया,

आपल्या कारखान्याचे थर्माकोल कापायचे सीएनसी यंत्र, सुट्या भागांचे किट, परवा मिळाले. खोक्याच्या झाकणावर 'जोडताना अडचण आल्यास या पत्त्यावर लिहावे, उत्तर मिळेल' असे छापले आहे, म्हणून लिहीत आहे. उत्तर मिळेल हे वाक्य मी दोनदा वाचले.

अडचण अशी. यंत्राला दोन बाजू आहेत. दोन्ही बाजूंना मोटरीवर सरकणारे भाग आहेत, ते पुढे-मागे आणि वर-खाली जातात. त्यांच्यामध्ये नायक्रोमची तार बांधायची, वीज सोडून ती तापवायची, मग संगणक सांगेल तशी ती थर्माकोलमधून फिरते आणि आकार सुटा होतो. एवढं मला कळतं. एकतीस वर्षं मी हेच काम हातातल्या, तापती तार ताणलेल्या कमानीने केलंय. दुकानांच्या पाट्यांची अक्षरं, आकडे, नाटकांचे खांब, सगळं. पण तुमची ही तार तापली की सैल पडते, आणि घट्ट बांधली तर थंड होताना तुटते. तीन तुटल्या. माझा मेहुणा म्हणतो, आधी पुस्तक वाचा. पुस्तक वाचून काम करायची आवड असती तर मी शाळा सोडली नसती.

आता सरळच लिहितो. त्या विभागात तू बसतेस हे मला ठाऊक आहे. तुझ्या मैत्रिणीच्या आईने सांगितलं. किट तुमच्याच कारखान्याचं का घेतलं, हे वेगळं सांगायला नको. बापाने घातलेली चार पत्रं तू न फोडता परत पाठवलीस. ग्राहकाचं पत्र तसं परत पाठवता येत नाही, तिथे तुला नोकरीचा नियम आडवा येतो. मी लबाड आहे असं तू म्हणशील, तर म्हण.

स्क्रूंच्या पिशव्यांवरचे आकडे हाताने लिहिलेत. सातच्या मध्ये आडवी रेघ मारायची सवय तुला मीच लावली होती.

तारेचं काय करू, तेवढं कळवावं.

आपला ग्राहक

१६ फेब्रुवारी

तुझं उत्तर मिळालं. 'ग्राहक महोदय, तार थेट बांधू नये. पिशवी क्रमांक नऊमधील स्प्रिंग एका टोकाला लावावी. तार तापून लांबते, ती लांबी स्प्रिंग ओढून घेते.' खाली विभागाचा शिक्का, सही नाही. तीन ओळींचं टंकलेलं पत्र, पण मी ते दिवसभर खिशात घालून हिंडलो. तुझ्या आईने विचारलं, कुणाचं पत्र? मी म्हटलं, कारखान्याचं. खोटं थोडंच होतं.

स्प्रिंग लावली. तार आता ताठ राहते.

घरचं विचारत नाहीस, तरी लिहितो. माझे हात कापायला लागलेत. सकाळी कमी, दुपारनंतर जास्त. सरळ रेघेत कमान नेता येत नाही, तेव्हा यंत्राशिवाय दुकान चालायचं नाही. तू पाच वर्षांपूर्वी हेच सांगत होतीस आणि मी तुझी टर उडवत होतो. यंत्राला काय कळतंय वळण, असं काहीसं बोललो होतो. ते शब्द आता चहाबरोबर गिळतोय.

मामा बरा आहे. उजव्या हाताची ती दोन बोटं काही मिटत नाहीत, पण त्याने ब्रश डाव्या हातात धरायला शिकून घेतलं. कडा रंगवणं जमत नाही, आतला भाग भरतो. गिऱ्हाइकांना सांगतो, आमच्या दुकानात आता दोन डावरे झाले, उजवं काम असेल तर दुसरीकडे जा. कडा रंगवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, हे तुला सांगायला नको.

आईसमोर तुझं नाव निघत नाही. दुकानात ती आगीनंतर पाऊल टाकत नाही.

एक गोष्ट मात्र तू ध्यानात घ्यावीस. आग लागली, मामाचा हात भाजला, तुझ्या हातून तापलेली कमान चालू राहिली असं सगळे म्हणाले, पण मी तुला कधी एक शब्द तरी बोललो का? आई बोलली. ती बोलणारच, भाऊ तिचा आहे. मी बोललो नाही. माणसाकडून राहून जातं एखादवेळी, असंच मी सगळ्यांना सांगत आलो. तुझी बाजूच घेतली म्हण ना.

असो. नवी अडचण. यंत्र चालतं, पण तीनचा आकडा कापला तर तो उलटा आला, पोट भलत्याच बाजूला. मामा हसून हसून बेजार झाला. काय चुकलं असेल?

आपला ग्राहक

१ मार्च

'यंत्र डाव्या हाताने बांधलेले दिसते. आकृती उजव्या हाताच्या माणसासाठी आहे, ती आपण उजवी-डावी अदलाबदल करून जोडली आहे. सर्व उकलत बसू नये. आडव्या सरकणाऱ्या दोन्ही मोटरींची जोडणी फक्त उलट करावी.'

मला सांग, ग्राहक डावरा आहे हे कारखान्याला कसं कळलं? मी पत्र मामाला वाचून दाखवलं आणि पोटभर हसलो. त्याला माझ्यापेक्षा जास्त हसू येईल असं वाटलं होतं. तो नुसता म्हणाला, पोरीला सगळं आठवतं हो दाजी, आणि रंगाचा डबा ढवळत बसला.

जोडणी उलट केली. तीन सरळ आला. मग पाच, सहा, नऊ, सगळे एकामागून एक. कडेला तार अडल्याची खूण नाही, हात थांबल्याचा खड्डा नाही. तीस वर्षं घासून जे येत नव्हतं ते यंत्राने चहा निवायच्या आत दिलं. वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

मग शेवटची पिशवी फोडली, चौदा नंबरची. आत लाल लेबलाचा लहानसा सर्किट बोर्ड, काडेपेटीएवढा. बरोबर चिठ्ठी. 'तार वीस सेकंद एका जागी थांबली की हा तुकडा वीज तोडतो. माणूस विसरतो, म्हणून हा हवा.'

बाकीचं पुस्तक कुणी लिहिलं ते मला माहीत नाही. ही चिठ्ठी तुझी आहे. मी ओळखीच्या दोघांकडे दुसऱ्या कारखान्यांची यंत्रं जाऊन पाहिली, त्यांच्यात असा तुकडा नाही. हा तू काढलास ना?

मामा म्हणाला, आणा इकडे, मी बसवतो. मी तो पिशवीत परत टाकला आणि पिशवी खणात ठेवली. माझ्या दुकानात हा तुकडा बसणार नाही. कारण विचारू नये.

आज प्रश्न काही नाही.

आपला ग्राहक

१० मार्च

मी काही विचारलं नव्हतं, तरी तू उत्तर पाठवलंस. 'लाल लेबलाचा तुकडा बसवल्याशिवाय यंत्र चालवू नये. तो वगळून किट विकावे अशी सूचना कारखान्यात दोनदा आली होती. दोन्ही वेळा मी नाही म्हटले. विसरण्याचा परिणाम मी पाहिलेला आहे.'

तुझ्या तीन पत्रांत 'मी' हा शब्द पहिल्यांदा आला, तो असा आला.

ते उत्तर आल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. दोन पत्रं लिहून फाडली. काहीतरी करत राहावं म्हणून जुना संगणक चालू केला. आगीतून तेवढा वाचला होता, त्यात तुझी चित्रं आहेत. क्रीडांगणाच्या दरवाजांचे आकडे, एक ते बारा, ज्यांचं काम त्या दिवशी चालू होतं. मी आठ काढला आणि यंत्राला दिला. कंबरेएवढा आठ. हो, लाल तुकडा बसवून चालवलं, मामाने बसवला, मी पाठ करून उभा होतो.

तुझा आठ टेबलावर मला नेहमी डोकंजड वाटायचा. इंग्रजी आठचा वरचा गोल खालच्यापेक्षा लहान असावा, हे मी माझ्या गुरूकडून शिकलो. तू दोन्ही गोल जवळजवळ सारखे ठेवायचीस. मी बोललो की म्हणायचीस, बाबा, हा टेबलावर नाही लागणार, चौथ्या मजल्यावर लागणार आहे. मी म्हणायचो, बरं.

मामाने तो गच्चीवर नेला, कठड्याला टेकवून उभा केला. मी खाली रस्त्यावर जाऊन मान वर केली. येणारे-जाणारे बघत होते, म्हातारा गच्चीकडे काय पाहतोय म्हणून. खालून पाहिल्यावर वरचा गोल बारीक होतो आणि आकडा बरोब्बर बसतो. माझ्या पद्धतीचा आठही कापला आणि शेजारी ठेवला. तो वर गेला की डोकं चेमटल्यासारखा दिसतो. एकतीस वर्षं मी शहरभर चेमटलेले आकडे टांगत आलो आणि वर मान करून पाहिलं नाही.

तुझं बरोबर होतं, हे लिहायला बसलो होतो. ते लिहून झालं. याच्या पुढचं लिहायचंय, पण आज धीर होत नाही.

११ मार्च

कालचं पत्र पाकिटात घातलं, पेटीत टाकलं नाही. दोन्ही एकत्रच पाठवतो.

त्या दिवशी तू कमान बंद केली होतीस.

हे वाक्य पुन्हा लिहितो, माझ्या कापऱ्या अक्षरामुळे तुला वेगळं वाटायला नको. त्या दिवशी तू कमान बंद केली होतीस. बटण खाली केलंस, कमान तुझ्या उजव्या खिळ्यावर टांगलीस, आठचा आकडा टेबलावर ठेवलास आणि पाच वाजता घरी गेलीस. मी दारातून बघत होतो.

तू गेल्यावर मी कमान परत काढली. का, ते सांगतो, आणि हे आगीपेक्षा सांगायला जड जातंय. तू कापलेलं जवळजवळ प्रत्येक काम मी तू गेल्यावर पुन्हा हातात घ्यायचो. चार वर्षं. इथे जरा खरवडायचं, तिथे जरा पातळ करायचं. सकाळी तू यायचीस, काम गेलेलं असायचं. तुला वाटायचं तुझं काम बाबांना पसंत पडलं. तुझ्या हाताला माझ्यासारखं वळण नाही असं मला वाटायचं. खरं तर माझ्याशिवाय तुझं काम पुरं होतं, हेच मला सोसत नव्हतं. त्या संध्याकाळी मी तुझ्या आठचा वरचा गोल बारीक करायला बसलो.

निम्मा झाला आणि पुढच्या दाराशी गिऱ्हाईक आलं. दोन मिनिटांत येतो म्हणून मी कमान माझ्या डाव्या खिळ्यावर टांगली. चालूच. थंड होऊन परत तापायला वेळ लागतो म्हणून चालू टांगायची, ही आपल्या दुकानाची खोड, आणि ती माझी. तू तिच्यासाठी माझ्याशी भांडायचीस. गिऱ्हाईक बोलकं होतं. खिळ्याखाली कापलेल्या तुकड्यांचा ढीग होता, शेजारी चिकटवायच्या सोल्यूशनचा उघडा डबा. मला धुराचा वास आला तेव्हा मामा मागच्या दाराने आत शिरलाही होता.

पुढचं तुला माहीत आहे. एक सोडून.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आई तुझ्यावर तुटून पडली होती. शेवटी कमानीवर कोण होतं, शेवटी कोण होतं, एवढंच ती विचारत होती. तू माझ्याकडे वळलीस आणि म्हणालीस, "बाबा, मी बंद केली होती ना?"

तुला खात्री होती. तू फक्त हो ऐकायला वळली होतीस. आणि मी म्हणालो, "आठवून बघ."

ते दोन शब्द तू तीन वर्षं घेऊन बसलीस. तुझ्या चेहऱ्यावरची खात्री जाताना मी पाहिली. तू खरंच आठवून बघायला लागलीस, आणि मग म्हणालीस, नसेल केली कदाचित. त्यानंतर मला काही बोलावंच लागलं नाही. फेब्रुवारीतल्या पत्रात मी फुशारकी मारली, तुला एक शब्द बोललो नाही म्हणून. खरंय, एक नाही, दोन बोललो.

मला वाटलं होतं, मामा शुद्धीवर येईल, मग सांगू. मग वाटलं, त्याची जखम भरू दे. मग तू गेलीस, आणि सांगायचं कुणाला, असं मी स्वतःला समजावलं. भित्र्या माणसाला कारणं शोधावी लागत नाहीत.

तू विसरली नव्हतीस. जन्मात कधी कमान चालू ठेवून गेली नाहीस. आणि विसरलेपणाची भरपाई म्हणून तू तो लाल तुकडा केलास, आणि तो माझ्याच दुकानात आला. चिठ्ठीतला तो माणूस मी आहे. आणि मी तर विसरलोही नव्हतो.

आज दुपारी मामाला सांगितलं. तो ब्रश धूत होता. धुऊन झाल्यावर म्हणाला, "कमान डाव्या खिळ्यावर होती, दाजी. मी आत शिरलो तेव्हाच पाहिलं."

मी विचारलं, मग तीन वर्षं गप्प का बसलास? तो म्हणाला, तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो, मग थांबायची सवय लागली. आणि म्हणाला, माझ्या बोटांचं मला काही नाही, पण पोरीकडे मीही चोरासारखाच बघत आलो. तुला सांगायला त्याने मला सांगितलंय, त्याला माफ करायचं की नाही ते तू ठरव. मी माझ्यासाठी ते मागत नाही.

आईला अजून सांगितलेलं नाही.

२५ मार्च

चौदा दिवस झाले, तुझ्याकडून काही आलं नाही. यायला हवं असं नाही. त्या पत्रात प्रश्न नव्हता.

आईला सांगितलं. पत्र पेटीत टाकून घरी आलो, तशीच ओली जखम घेऊन बोललो, नाहीतर राहून गेलं असतं. ती गॅसपाशी उभी होती. तिने आधी गॅस बंद केला. मग खुर्चीवर बसली आणि सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "मी तिला काय काय बोलले, ते तुम्ही शेजारी उभं राहून ऐकत होता."

त्यानंतर नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, कपडे घडी करून ठेवायची, मला काही सांगायचं तर मामाला फोन करून सांगायची आणि तो मला सांगायचा. एकाच घरात फोनवरून निरोप. एरवी मी यावर विनोद केला असता.

दहाव्या दिवशी ती दुकानात आली. आगीनंतर पहिल्यांदा. उंबऱ्यावर थोडी थबकली, मग आत येऊन भावाला म्हणाली, कुठला खिळा? मामाने दाखवला. भिंतीला रंग दिलाय, पण खिळे मी काढले नव्हते, दोन्ही तसेच होते. तिने पकड मागितली. मी पुढे झालो तर माझ्याकडे न बघता हात आडवा केला. तिला ताकद लावावी लागली, गिलावा थोडा निघाला. खिळा तिने टेबलावर माझ्यासमोर ठेवला. उजवा तसाच राहू दिला.

मग तिला यंत्र बघायचं होतं. मी एक आकडा कापायला लावला आणि तिच्या सांगण्यावरून मध्येच थांबवला. तार थर्माकोलमध्ये तशीच तापलेली उभी. ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. विसाला यंत्रावरचा लाल दिवा विझला, तार काळी पडली. आईने त्या काडेपेटीएवढ्या तुकड्यावर बोट टेकवलं. मग पहिल्यांदा माझ्याशी बोलली, "हे तिने केलं? न केलेल्या चुकीसाठी?" मी हो म्हटलं. ती तिथेच, कापलेल्या तुकड्यांत बसून रडली. मामा बाहेर गेला. मी उभा होतो, कारण मला तिच्या शेजारी बसायचा हक्क नव्हता.

हे पत्र तिने वाचलंय. वाचल्याशिवाय टाकू देणार नाही म्हणाली. वर 'न केलेल्या चुकीसाठी' या शब्दांखाली तिने पेन्सिलीने रेघ मारली आहे, ती मी पुसली नाही, तुला दिसेल.

पाट्यांचे आकडे आता तुझ्या पद्धतीने कापतो. क्रीडांगणवाल्यांना जाऊन सांगितलं, की आठ नंबरच्या दरवाजाचा आकडा मी तेव्हा घाईत दुसऱ्यांदा कापून दिला तो चुकीचा आहे, बदलून देतो. ते म्हणाले, आम्हाला तर ठीक दिसतो. तरी बदलला. तुझा आठ आता वर आहे. त्याला मी हात लावलेला नाही.

ये, असं आम्ही म्हणत नाही. ते म्हणायचं तोंड दोघांनाही नाही. एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही दोघं तुझ्या कारखान्याच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे उभे राहू. हाक मारणार नाही. तुला बोलावंसं वाटलं नाही तर सरळ निघून जा, आम्ही संध्याकाळची गाडी पकडून परत येऊ, आणि तू कशी दिसतेस तेवढं आईने पाहिलेलं असेल.

आई विचारते, कारखाना किती वाजता सुटतो. ती सकाळपासूनच उभी राहायला तयार आहे, पण माझे पाय आता तेवढे चालत नाहीत. झाकणावर उत्तर मिळेल असं छापलंय.

खाली बाबा लिहायला पेन टेकवलं होतं. ते मी लिहू नये, तू म्हणावंस, म्हणून तसंच ठेवतो. सुटायची वेळ तेवढी कळवावी.

आपला ग्राहक